घासतं कुठे, चुकतं कुठे
(रुंद रिम आणि अरुंद टायर या विषयावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

मोटारीला मोठ्या, रुंद अलॉय रिम बसवून घेतल्या की पुढच्या काही दिवसांत एक तक्रार हमखास येते : गाडी घासते. मालक एकटा चालवत असतो तोवर काही जाणवत नाही. मग गणपतीला कोकणात जायचं ठरतं, मागे तिघं बसतात, डिकी भरते, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मागच्या मडगार्डातून खर्रकन आवाज येतो. टायरच्या दुकानात यावर एक तयार उपाय मिळतो : ‘रिम राहू द्या, टायर जरा बारीक टाकू.’ बारीक टायर रुंद रिमवर ताणून बसतो, त्याचा खांदा आत सरकतो आणि घासणं थांबतं. गाडी खाली बसल्यासारखी, टपोरी दिसू लागते ती वेगळीच हौस. हा उपाय कधी चालतो, कधी जिवावर बेततो आणि तो करण्याआधी कोणते आकडे पाहायचे, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

ती दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, स्वतःच्या पैशाने गाडी सजवणारा हौशी मालक. दुसरा, त्या मालकाला सल्ला देणारा टायरवाला, अलाइनमेंटवाला, गॅरेजमधला मुलगा. भांडुप, नाशिक, चाकण अशा ठिकाणी आपल्याकडे टायर तयार होतात. गाड्यांची आणि सुट्या भागांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तरीही टायर आणि रिम यांच्या मेळाविषयीची माहिती मराठीतून मिळते ती मुख्यतः तोंडी, आणि तोंडी माहितीत ‘आपण किती गाड्यांना टाकलेत, काही होत नाही’ हे वाक्य फार वेळा येतं. ज्याला काही झालं तो गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानात सांगायला येत नाही, म्हणून ते वाक्य टिकून राहतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. घासतो टायर, पण बहुतेक वेळा चुकलेली असते रिम. रिमची रुंदी आणि ऑफसेट निवडताना चूक होते आणि तिची भरपाई टायरकडून मागितली जाते. टायर कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेत ही भरपाई मागायला काहीच हरकत नाही. मर्यादेबाहेर मागितली, की ती टायरच्या भार पेलण्याच्या आणि रिमवर टिकून राहण्याच्या ताकदीतून वळती होते.

हे पटायचं तर आधी चाकावर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. टायरच्या बाजूवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भारांक, म्हणजे हा एक टायर ६१५ किलो पेलतो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या पाठीवर ७ जे × १६ एच २ ईटी ४५ अशी ओळ ओतलेली सापडते. ७ ही दोन काठांमधली आतली रुंदी इंचांत. जे हा काठाच्या आकाराचा प्रकार. एच २ म्हणजे टायरची बीड, म्हणजे रिमला टेकणारी आतली कड, जागेवरून घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना ठेवलेले उंचवटे. ईटी म्हणजे ऑफसेट : रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे त्याचं माप. ईटी जितका कमी तितकं चाक मडगार्डाच्या बाहेर येतं. जितका जास्त तितकं आत, सस्पेन्शनकडे जातं. दुकानात रिम दाखवताना डिझाइन, रंग, इंच आणि किंमत यांची चर्चा होते. ईटीचा उल्लेख क्वचितच होतो, आणि घासण्याचा प्रश्न नेमका तिथेच सुरू होतो.

एक हिशेब करून पाहू. समजा २०५/५५ आर १६ टायरच्या गाडीची मूळ रिम ६ जे ईटी ४५ आहे आणि मालकाने ८ जे ईटी ३५ घेतली. रुंदी दोन इंचांनी, म्हणजे ५०.८ मिमीने वाढली. ती दोन्ही बाजूंना निम्मी वाटली गेली : २५.४ मिमी बाहेर, २५.४ मिमी आत. ऑफसेट १० मिमीने कमी झाला, म्हणजे सगळं चाकच १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरचा काठ एकूण ३५.४ मिमी बाहेर गेला आणि आतला काठ १५.४ मिमी आत गेला. मडगार्डाच्या ओठाशी आधी जी मोकळी जागा होती तिच्यातून साडेतीन सेंटिमीटर वजा झाले. आता इथे टायर २०५ ऐवजी १९५ घेतला तर रुंदी १० मिमीने घटते आणि प्रत्येक बाजूला ५ मिमीच परत मिळतात. ताणल्यामुळे खांदा आणखी थोडा आत कलतो, टायर बुटका घेतला तर वरची जागाही थोडी वाढते. पण रिमचा काठ जिथे आहे तिथेच राहतो. बाहेर गेलेल्या ३५ मिमींपैकी टायर बदलून फार थोडे परत आले.

याच गाडीला ७ जे ईटी ४५ रिम घेतली असती तर बाहेरचा काठ अवघा १२.७ मिमी पुढे आला असता, आतला तेवढाच आत गेला असता. बऱ्याच गाड्यांत एवढी जागा असते. त्या रिमवर २०५/५५ आर १६ निर्धोक बसतो. दोन रिमांच्या किमतीत फारसा फरक नसतो. फरक असतो तो खरेदीच्या वेळी दोन मिनिटं आकडेमोड करण्याचा.

आता मर्यादा कुठून येते ते पाहू. प्रत्येक टायरमापासाठी किती रुंदीच्या रिम चालतात हे ठरलेलं असतं. युरोपात इटीआरटीओ, अमेरिकेत टीआरए, जपानमध्ये जाटमा आणि भारतात आयटीटॅक या संस्था ही मापं प्रसिद्ध करतात आणि टायर कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती छापलेली असतात. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच. २०५/५५ आर १६ ला ५.५ ते ७.५. २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५. २२५/४० आर १८ ला ७.५ ते ९. या पट्ट्यात कुठेतरी एक ‘मोजमापाची रिम’ असते, आणि टायरची रुंदी तिच्यावर बसवून मोजतात. २०५/५५ आर १६ साठी ती साडेसहा इंची आहे, आणि तिच्यावर या टायरची ठरलेली रुंदी २१४ मिमी आहे. नुसत्या २०५ या आकड्यावर विसंबून मडगार्डाची जागा मोजणारा इथेच ९ मिमीने फसतो. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की तोच टायर सुमारे ५ मिमी रुंद होतो, अरुंद झाली की तेवढाच आकसतो. तेव्हा ‘टायर तोच आहे, मग घासतो कसा?’ या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे.

वरच्या उदाहरणातली ८ जे रिम या यादीशी ताडून पाहा. २०५/५५ आर १६ ची कमाल रिम ७.५ इंच. म्हणजे बारीक टायरचा विचार मनात येण्याआधीच जोडी अर्धा इंच मर्यादेबाहेर गेली आहे. बारीक टायर म्हणून दुकानात सुचवतात त्या १९५/४५ आर १६ ला ६ ते ७.५ इंच चालते, तोही बाहेरच. या रिमला साजेसा टायर २२५/५० आर १६ आहे. त्याची कमाल रिम बरोबर ८ इंच, आणि त्याचा एकूण व्यास २०५/५५ इतकाच, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. पण तो या मडगार्डात मावणार नाही. ज्या रिमला साजेसा टायर गाडीत मावत नाही, ती रिम त्या गाडीची नाही. या पुस्तिकेतला हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

मर्यादेच्या आत मात्र अरुंद टायर निवडणं ही चांगली, रीतसर गोष्ट आहे. युरोपातल्या डोंगराळ भागात हिवाळ्यात चाकाला साखळ्या लावाव्या लागतात. साखळीला जागा मिळावी म्हणून गाडीच्या कंपन्याच हिवाळ्यासाठी अरुंद टायर सुचवतात. शर्यतीत भाग घेणारे अनेक जण पट्ट्यातली रुंद बाजूची रिम पसंत करतात, कारण टायरच्या बाजूला नीट आधार मिळतो आणि स्टीअरिंग फिरवताच गाडी वळते. २०५/५५ टायर ७.५ जे रिमवर थोडा ताणलेला दिसतो, तरी तो नियमात असतो. म्हणून ‘ताणलेला टायर म्हणजे वाईट’ असा सरसकट निकाल या पुस्तिकेत मिळणार नाही.

मर्यादा ओलांडली की काय होतं, हे समजायला टायरची बीड डोळ्यांपुढे आणावी लागेल. टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारांची वळी असते. रबरात लपेटलेल्या या कडेला बीड म्हणतात. हवा भरली की बीड रिमच्या उतरत्या बैठकीवर चढते आणि काठाला घट्ट टेकते. ट्यूबलेस टायरमधली हवा या टेकण्यावरच टिकून असते. योग्य रिमवर टायरची बाजू जवळजवळ सरळ उभी किंवा किंचित फुगीर असते आणि हवेचा दाब बीडला काठाकडे ढकलत राहतो. टायर फार ताणला, की बाजू आतल्या अंगाला तिरकी झुकते आणि बीडला काठापासून आत ओढू लागते. हवा पुरेशी असेतोवर दाबाची सरशी होते. हवा कमी झाली आणि त्याच वेळी गाडी जोरात वळली किंवा खड्ड्यात आदळली, तर बीड उंचवटा ओलांडून मधल्या खोलगट भागात घसरू शकते. मग हवा हळूहळू गळत नाही. एका क्षणात निघून जाते.

दुसरा तोटा भाराचा, आणि तो कागदावर सरळ दिसतो. २०५/५५ आर १६ चा भारांक ९१, म्हणजे ६१५ किलो. १९५/४५ आर १६ चा साधा टायर ८० भारांकाचा येतो, म्हणजे ४५० किलो. ‘एक्स्ट्रा लोड’ प्रकारातला ८४ भारांकाचा, म्हणजे ५०० किलो. हे ५०० किलो पेलायलाही त्यात सुमारे ४२ पीएसआय हवा लागते. आपण सवयीने ३२-३३ भरतो. मागच्या दोन चाकांचा मिळून विचार केला तर १२३० किलोंची क्षमता १००० किंवा ९०० किलोंवर आली. शिवाय हे आकडे मान्य रिमवरचे आहेत. मर्यादेबाहेरच्या रिमवर त्या टायरची क्षमता किती, याची हमी टायर कंपनी देत नाही.

तिसरी गोष्ट उंचीची. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिमी, १९५/४५ आर १६ चा ५८२. चाक ५० मिमीने लहान झालं म्हणजे गाडीचं पोट २५ मिमीने रस्त्याजवळ आलं. आपल्या गतिरोधकांवर हे पहिल्याच दिवशी कळतं. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९२ च्या आसपास असेल, आणि किलोमीटर मात्र जास्त मोजले जातील. ‘एक साइज बारीक’ या तीन शब्दांत एवढ्या सगळ्या गोष्टी बदलतात.

आणि चौथी गोष्ट रिमची स्वतःची. साधारण टायरची बाजू रिमच्या काठाच्या थोडी बाहेर येते. फुटपाथची कड किंवा खड्ड्याचा कंगोरा आधी रबराला भिडतो. ताणलेल्या टायरमध्ये रिमचा काठ सगळ्यांत पुढे उघडा राहतो. खड्डा थेट अलॉयला लागतो. काठ वाकतो, कधी बारीक तडा जातो, आणि मग रोज सकाळी चार पीएसआय कमी भरलेलं चाक घेऊन मालक पंक्चरवाल्याकडे जातो. टायर पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, सापडत नाही. बुडबुडे येत असतात रिमच्या काठाशी. हवा कमी होत राहणं हाच ताणलेल्या टायरचा सर्वांत मोठा शत्रू, आणि या जोडीत तो वारंवार येतो.

ही पद्धत आपल्याकडे जन्मलेली नाही, म्हणून तिचा इतिहासही एका प्रकरणात दिला आहे. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला साडेपाच इंची, १३ इंच व्यासाच्या रिमवर १७५/७० चे टायर होते. जर्मन हौशी लोकांनी त्याच मडगार्डात सात, आठ, नऊ इंची रिम बसवायला सुरुवात केली. बीबीएससारख्या कंपन्यांच्या तीन भागांत जोडलेल्या रिममुळे बाहेरचा भाग बदलून रुंदी वाढवणं सोपं झालं. मडगार्ड तेवढंच, रिम रुंद. मग टायर ताणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९८२ पासून ऑस्ट्रियातल्या वोर्थरझे तलावाकाठी राइफ्निट्झ गावात जीटीआय गाड्यांचा मेळा भरू लागला आणि ही शैली युरोपभर दिसू लागली. जपानमध्ये बुटक्या गाड्यांची आपली वेगळी परंपरा होती. तिथे ताणलेल्या टायरला ‘हिप्पारी’ म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियातून ‘हेलाफ्लश’ हे नाव पसरलं आणि रिमचा काठ मडगार्डाच्या अगदी रेषेत आणणं ही जगभरच्या तरुणांची आवड झाली. आपल्याकडची हौस याच प्रवाहातून आली.

पण तिकडून फोटो आले तसे नियम आले नाहीत. जर्मनीत गाडीत असा बदल केला तर तो तज्ज्ञाकडून तपासून कागदपत्रांत नोंदवावा लागतो, आणि नेहमीच्या पट्ट्याबाहेरच्या रिमसाठी टायर कंपनीचं लेखी संमतिपत्र मागितलं जातं. खासगी गाडी पहिल्या तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला जाते. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंतच्या भागात चाक बॉडीने झाकलेलं असलं पाहिजे असा युरोपचा नियम आहे. जपानने २०१७ मध्ये थोडी सवलत दिली, पण ती १० मिमीपेक्षा कमी बाहेर आलेल्या टायरच्या रबरापुरती. रिम किंवा नट बाहेर आलेले चालत नाहीत. तिथला तरुण हौस करतो ती या चौकटीत, आणि चौकट मोडली तर गाडी तपासणीत नापास होते.

आपल्याकडचा कायदा कडक आहे, तपासणी विरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीचं मूळ स्वरूप यांच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याच्या पॉलिसीत बदलाची नोंद नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो, हेही लक्षात ठेवावं. सर्वांत निर्धोक जोडी म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेली रिम आणि टायर.

रस्त्यांचा विचार केला तर आपल्याला जर्मन तरुणापेक्षा जास्त सावध राहायला हवं. पावसाळ्यानंतरचा मुंबई–गोवा महामार्ग, घाटातली वळणं, गावाच्या तोंडावरचे न रंगवलेले गतिरोधक ही ताणलेल्या टायरची रोजची परीक्षा. दुसऱ्या टोकाला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग : सिमेंट काँक्रीट, सरळसोट रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आणि विदर्भातला उन्हाळा. नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा झाली आणि परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. झिजलेला टायर नजरेला दिसतो, खाचेची खोली १.६ मिमीपेक्षा कमी झाली की तो बाद. मर्यादेबाहेर ताणलेला नवा कोरा टायर मात्र अशा तपासणीतून सुटतो, कारण त्याची खाच पूर्ण असते. त्याचा दोष पाहायला रिमची रुंदी विचारावी लागते.

घासणं कुठे आहे हे न शोधता टायर बदलण्याची घाई होते, म्हणून त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा सारांश असा : चाक जॅकवर उचलून मडगार्डाच्या आतून टॉर्च मारा. प्लॅस्टिकच्या लायनरवर काळा, गुळगुळीत झालेला पट्टा दिसतो का? ओठाच्या आतल्या पत्र्यावरचा रंग उडाला आहे का? टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल रेघ आहे, की आतल्या बाजूवर स्प्रिंगच्या बैठकीची खूण आहे? मग गाडी जमिनीवर घ्या, मागे माणसं बसवा, टायरच्या खांद्याला खडू फासा, गतिरोधकावरून एक फेरी मारा आणि खडू कुठे उमटला ते पाहा. पुढचं चाक स्टीअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून तपासा. खूण आतल्या बाजूला असेल तर बारीक टायरपेक्षा ईटी बदलणं उपयोगी. नुसता लायनर घासत असेल तर त्याची सुटलेली क्लिप बसवल्यानेही काम होतं. हब आणि रिम यांच्यामध्ये स्पेसर लावलेला असेल तर तो आधी काढा. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ४५ चा ४० होणं. लोअरिंग स्प्रिंग असतील तर मूळ स्प्रिंग पुन्हा बसवून पाहा. मडगार्डाचा ओठ आतून दुमडण्याचं काम अनुभवी डेंटरच करू शकतो, नाहीतर रंग तडकतो आणि तिथून गंज धरतो. निगेटिव्ह कॅम्बर वाढवून चाकाचा वरचा भाग आत झुकवला तर घासणं कमी होतं, पण टायर आतल्या खांद्यावर झिजतो आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. बारीक टायरचा क्रमांक या सगळ्यांनंतर लागतो, आणि तोही मान्य पट्ट्यात.

उलट बाजूची चूक आपल्याकडे कदाचित अधिक आढळते, म्हणून तिलाही जागा दिली आहे : मूळ अरुंद रिमवर रुंद टायर चढवणं. पाच इंची रिमवर २०५ चा टायर चिमटल्यासारखा बसतो, बाजू फुगतात, रस्त्याला टेकणारा भाग मधोमध फुगीर होतो आणि वळणावर गाडी डुलते. ‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे तेव्हाच खरं, जेव्हा रिमही त्याच्या मापाची असते.

टायर चढवणाऱ्या कामगारासाठी दोन शब्द वेगळे लिहिले आहेत, कारण या हौसेचा पहिला धोका त्याला असतो. फार ताणलेल्या टायरची बीड साध्या हवेने बसत नाही. मग दाब वाढवत नेला जातो, किंवा ज्वलनशील फवारा मारून आगीचा भडका उडवला जातो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नये, हा जगभर मानला गेलेला नियम आहे. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडा, निसरडं करणारं द्रावण लावा, मापं पुन्हा वाचा. आगीने टायर बसवणं ही कारागिरी नव्हे. बीडची तार तुटली किंवा टायर रिमवरून उडाला तर समोर वाकलेल्या माणसाचे हात आणि चेहरा जातो. मालकाने ‘कसंही करून बसव’ असा हट्ट धरला तर कामगाराने नाही म्हणावं, आणि दुकानाच्या मालकाने त्याच्या पाठीशी उभं राहावं.

पुस्तिकेची मांडणी साधी आहे. आधी टायर-रिमवरच्या खुणा, मग ऑफसेटचा हिशेब, मग मापांचे तक्ते, त्यानंतर घासणं शोधण्याची रीत आणि उपायांचा क्रम, शेवटी इतिहास आणि कायदा. घाईत असलेल्याने तक्ते आणि उपायांचा क्रम एवढं वाचलं तरी काम भागेल. रिम, बीड, ऑफसेट, स्पेसर, कॅम्बर हे शब्द गॅरेजात चालतात तसेच ठेवले आहेत, कारण ही पुस्तिका गॅरेजात उघडली जावी अशी इच्छा आहे. ज्या टायरवाल्यांनी आणि अलाइनमेंट करणाऱ्यांनी काम थांबवून माझे प्रश्न ऐकून घेतले, उतरवलेल्या रिमांची पाठ दाखवली, तडे दाखवले, त्यांचे आभार मानतो. यातलं बरंचसं शहाणपण त्यांच्या हातांतून आलं आहे.

गाडी सजवण्याच्या हौसेला माझा विरोध नाही. पैसे साठवून घेतलेल्या गाडीवर प्रेम असणारा तरुण ती नीटही ठेवतो, वेळेवर सर्व्हिसिंग करतो, हे मी पाहत आलो आहे. त्याच्याकडे एवढीच मागणी आहे. रिमची ऑर्डर देण्याआधी तिची रुंदी आणि ईटी कागदावर लिहा, मूळ रिमशी वजाबाकी करा, टायर कंपनीच्या माहितीपत्रकातला पट्टा पाहा आणि दाराच्या खांबावर कंपनीने लावलेल्या माहितीच्या पट्टीशी भार आणि हवेचा दाब ताडून पाहा. चारही आकडे जमले तर निर्धास्त बसवा. एक जरी जमला नाही तरी ती रिम दुकानातच राहू द्या, मग ती कितीही देखणी असो.